एका अंशाची सत्तर मिनिटं

पेन आधी थांबलं. झालं ते एवढंच, पण आधी म्हणजे किती आधी, ते नीट सांगायला हवं. कॉलेजच्या लॅबमधल्या डार्करूममध्ये दोघंच होते, ती आणि मोती. ती स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे प्रकाशाचे कोन मोजायच्या यंत्रावर वाकलेली, चष्मा कपाळावर चढवलेला, एका हातात टॉर्च, डोळा त्या इवल्याशा भिंगाला टेकवलेला. नेहमीसारखं तिनं म्हटलं, "एकशे अठरा अंश..." आणि मिनिटं शोधायला लागली. आता ही मिनिटं शोधायची म्हणजे काय, तर मोठ्या पट्टीवर रेघा असतात, तिला खेटून छोट्या पट्टीवर रेघा असतात, आणि नेमकी कुठली रेघ कुठल्या रेघेशी जुळलीय ते बघत बसायचं. त्यात दोन-तीन रेघा इतक्या लबाड की तिघीही म्हणतात मीच ती, मीच ती. श्वास रोखून बघावं लागतं. तर ती श्वास रोखून बघत होती, तोंडातून अजून एक अक्षर फुटलं नव्हतं, आणि मागे पेन कागदावर कुरकुरलं, आकडा लिहून मोकळं झालं, आणि थांबलं. टोपण बसल्याचा टक असा आवाजसुद्धा आला.

तिनं डोळा काढला नाही. "तीन मिनिटं," ती म्हणाली. "हं," मोती म्हणाला, "पुढचं?"

असेल काहीतरी, तिला वाटलं. वर तारीख घातली असेल, समास आखला असेल. तिनं यंत्राची दुर्बीण हळूच दुसऱ्या बाजूला फिरवली, ती पिवळी रेघ पुन्हा काळ्या उभ्या तारेवर आणून ठेवली, स्क्रू आवळला, टॉर्च धरली. "पंच्याहत्तर अंश..." आणि या वेळी मुद्दाम गप्प राहिली. रेघ दिसली होती, अगदी स्वच्छ दिसली होती, चाळीस. पण ती बोलली नाही. मागे पेन कुरकुरलं. थांबलं. टक. आणि मग तिला काय झालं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, "सत्तर मिनिटं."

"हं," मोती म्हणाला, "पुढचं?"

अंशाची मिनिटं असतात साठ. शाळेतल्या पोराला विचारा, साठ. सत्तर मिनिटं म्हणजे घड्याळात पंचवीस वाजण्यातला प्रकार. आणि मागे बसलेला हा मुलगा, अख्ख्या वर्गात ज्याचं जर्नल सगळ्यात देखणं, ज्याला मोती म्हणतात तेच मुळी त्याच्या मोत्यासारख्या अक्षरामुळे, तो सत्तर मिनिटं ऐकून हं म्हणाला आणि पुढचं मागायला लागला. तिला आधी हसू आलं. अगदी खरंखुरं, पोटातून. ते तिनं दाबलं, कारण भिंगाला डोळा लावून हसलं की सगळ्या रेघा थरथरतात. आणि दाबता दाबताच हसण्याच्या खाली कुठंतरी काहीतरी घसरलं. जिना उतरताना एक पायरी असेल असं धरून आपण पाय टाकतो आणि ती नसतेच, तसं.

दोन वर्षं. दोन वर्षं ती आकडे सांगत होती आणि तो लिहीत होता. पहिल्या वर्षी हजेरीपटावरचे शेजारशेजारचे नंबर म्हणून सरांनी जोडी लावून दिली, जोडी नंबर सात, आणि तिथून पुढे ती दुर्बीण आणि तो मोती. दुर्बीण हे नाव चष्म्यामुळे पडलं होतं खरं, पण नंतर त्याला मान आला, कारण पहिले एक-दोन आठवडे सोडले, तर सात नंबरच्या जोडीचं उत्तर कधी चुकायचंच नाही. बाकीचे बिचारे चार-चार वेळा प्रयोग करायचे, लॅबमधले मामा त्यांना परत पाठवायचे, "जा बाळा, पुन्हा कर, तुझा प्रकाश आजारी दिसतोय," आणि यांचं एका फटक्यात. सोडियमच्या प्रकाशाची तरंगलांबी पाचशे एकोणनव्वद यायला पाहिजे, तर पाचशे एकोणनव्वद. मामा जर्नल बघून म्हणायचे, "हिचा डोळा आहे की काय आहे!" आणि ती चष्मा पुसत बसायची, कारण अशा वेळी कुठं बघायचं ते तिला कळायचं नाही. घरी बाबांना सांगायची. बाबा घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचायचे, तीस वर्षं तेच काम, त्यामुळे त्यांना या गोष्टीतलं सुख बरोबर कळायचं. बाबा म्हणायचे, "डोळा नीट असला ना, की माणूस कुठंही भाकरी कमावतो." धाकटीला यातलं काही कळायचं नाही. तिला फक्त मोती हे नाव कळलं होतं आणि ते ऐकल्यावर ती गादीवर लोळून लोळून हसली होती. "मोती? ताई, कुत्र्याचं नाव आहे ते! बोलावलंस की शेपूट हलवतो का?" ताईनं उशी फेकून मारली. पण त्या रात्री अंधारात मोती, मोती असं मनात म्हणून बघताना तिलाही हसू फुटलं, आणि हसता हसता कळलं की आपलं काही खरं नाही आता.

प्रेमात पडायला काही लागतं का हो? म्हणजे मोठं असं काही? तिला नाही लागलं. डार्करूम पुरली. सोडियमच्या दिव्यात सगळे रंग मरतात, फक्त पिवळा आणि काळा उरतो, लाल शर्ट काळा दिसतो, ओठ काळे दिसतात, शाईत बुडवून काढल्यासारखे. त्या उजेडात आपल्या पाठीमागे वीतभर अंतरावर एक मुलगा बसलेला असतो, त्याच्या श्वासाची ऊब मानेला कधी लागते कधी लागत नाही, आणि आपण हळू आवाजात म्हणतो, एकशे बेचाळीस अंश, सतरा मिनिटं. तो म्हणतो, हं. आपण म्हणतो, तीनशे बावीस अंश, एकोणीस मिनिटं. तो म्हणतो, हं. सिनेमातली माणसं याहून जास्त काय बोलतात? तिनं त्याच्या हंचे प्रकार पाडले होते. एक नुसता हं. एक जरा लांब, म्हणजे थकलाय. एक नाकातून, म्हणजे आज खुशीत आहे. एक असा की त्यात तिचं नाव होतं, फक्त ऐकू येत नव्हतं. रात्री झोपताना ती दिवसभराचे हं एकापुढे एक मांडून बघायची. आणि आता स्क्रूवर हात ठेवून ती उभी होती आणि दोन वर्षांचे सगळे हं तिच्या कानात एकदम वाजायला लागले, आणि सगळे एकसारखे. मीटरच्या चाकासारखे. बाबांबरोबर लहानपणी एकदा ती गेली होती तेव्हा बाबांनी दाखवलं होतं, हे बघ, कुणी बघो न बघो, हे फिरतंच.

"काय झालं?" मोती म्हणाला. "डोळ्यात गेलं का काही?"

"नाही. बघू वही."

त्यानं वही दिली, अगदी सहज, लपवायचं असं काही त्याच्या मनातच नव्हतं. त्या पिवळ्या उजेडात ती पानं फार सुंदर दिसली. एकशे सतरा अंश, चौदा मिनिटं. शहात्तर अंश, तीस मिनिटं. तिच्या आकड्यांपैकी एकही नाही. अंशसुद्धा नाहीत. खाली अजून न घेतलेली चार रीडिंगं, तीही भरलेली, मिनिटा-दोन मिनिटांचा फरक ठेवून, म्हणजे खरी वाटावीत म्हणून जरा जरा चुकवलेली. त्या चुकवण्यातसुद्धा काय कलाकुसर होती! उत्तर आधी ठरवायचं, उलट्या बाजूनं गणित करत मागे यायचं, आणि मग अंगठ्यानं शाई पुसटावी तसं थोडं पुसटून ठेवायचं.

बाबांच्या कचेरीत एक जण असा होता. झाडाखाली बसून अख्ख्या गल्लीचे मीटर वाचायचा. मागच्या महिन्याचा आकडा बघायचा, माणसं किती, पंखे किती, याचा अंदाज घ्यायचा आणि लिहून टाकायचा. वर्षानुवर्षं एक तक्रार नाही. बाबा स्टुलावर चढून, कोळिष्टकं पुसून, टॉर्च मारून आकडा घ्यायचे आणि त्यांच्याच आकड्यांवर लोक भांडायला यायचे. बाबा हसत सांगायचे, "त्याचे आकडे माझ्यापेक्षा देखणे असायचे गं. खऱ्या आकड्याला मेलं काही वळणच नसतं."

"बाहेर चल," ती म्हणाली.

बाहेर म्हणजे लॅबच्या मागचा जिना. दुपारचं ऊन, भिंतीला टेकून ठेवलेली मोडकी स्टुलं, आणि डार्करूममधून आल्यामुळे दोघांचेही डोळे दिपलेले. मोतीच्या हातात फाइल होती आणि फाइलमध्ये तो फॉर्म होता, शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा, चार वाजायच्या आत मॅडमच्या केबिनमध्ये द्यायचा. फॉर्म त्यानं कालच भरून आणला होता. दोघांची नावं, विषय, साहित्य, वेळापत्रक, आणि शेवटी एक रकाना, अपेक्षित निष्कर्ष, तोही भरलेला, चार ओळी. राहिली होती फक्त तिची सही. काल तो फॉर्म दाखवताना तो नुसता प्रोजेक्टबद्दल बोलला नव्हता. म्हणाला होता, वर्षभर हे, मग एम.एस्सी.ला एकाच ठिकाणी अर्ज टाकू, मग नोकरी लागली की घरी सांगू, तुझ्या बाबांशी मी बोलेन. एका दमात, बोटं मोडत. आणि ती मान हलवत होती, हो, हो, हो, आणि आतून अशी हलकी झाली होती की कुणी फुंकर मारली असती तरी उडाली असती. सही तिनं मुद्दाम आजसाठी राखून ठेवली होती. एवढं मोठं सुख एका दिवसात संपवायचं कशाला म्हणून.

"सत्तर मिनिटं लिहिलीस का रे?" तिनं विचारलं.

"काय?"

"मी सत्तर मिनिटं म्हटलं मगाशी."

मोतीनं तिच्याकडे बघितलं. आधी कळलं नाही, मग कळलं, आणि मग त्याचे कान लाल झाले. दोन वर्षांत तिनं त्याचे कान उजेडात कधी नीट बघितले नव्हते. चांगले होते.

"अगं, तसं नाही..."

"कसं मग?"

"तुझ्या आकड्यांनी उत्तर यायचंच नाही!" तो एकदम म्हणाला, जणू तोच कधीपासून हे कुणालातरी सांगायला टपला होता. "पहिल्या वर्षी पहिले दोन आठवडे मी तुझेच आकडे लिहिले. शप्पथ. एक-एक आकडा. सहाशे बारा आलं. पुन्हा केलं, सहाशे अकरा. मामांनी परत पाठवलं, आठवतंय? तू तोंड एवढंसं करून बसली होतीस. म्हणून मग मी घरी बसून जमवलं. दुसऱ्या दिवशी मामांनी तुझ्या डोळ्याचं कौतुक केलं आणि तू... तू काय खूश झालीस! मग मी कसं सांगणार?"

"मग मी दोन वर्षं कशाला वाकून बघत होते? कंबर मोडली माझी."

"ते..." मोती जिन्याच्या कठड्यावरचा रंग नखानं सोलायला लागला. "मला ऐकायला आवडायचं."

"ऐकत नव्हतासच की!"

"आकडे नाही गं. आवाज."

ती कठड्याला टेकून उभी राहिली आणि तिला वाटलं, झालं, आता आपण सही करणार. कारण तो एकच शब्द पुरला होता. आवाज. म्हणजे तो ऐकत होता. म्हणजे सगळं खोटं नव्हतं. आणि तिला तो मागच्या महिन्यातला दिवस आठवला. सोडियमचा दिवा लावला की लगेच पिवळा होत नाही, आधी पाचेक मिनिटं गुलाबी जळतो, तापतो, मग पिवळा. त्या गुलाबी पाच मिनिटांत मोतीनं एकदम वाकून तिच्या तोंडाजवळ तोंड आणलं होतं आणि नेम चुकून तिच्या चष्म्यावर आपटला होता. काच धुरकट झाली. "सॉरी," तो म्हणाला होता, "सॉरी, सॉरी," आणि तिनं चष्मा काढून हातात धरला होता, कारण कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं. मग झालं नीट. दिवा पिवळा होईपर्यंत. ते काही घरी बसून जमवलेलं नव्हतं, ते तिला पक्कं माहीत होतं. घरी बसून जमवलं असतं तर चष्म्याचा हिशोब त्यानं धरला असता.

मग त्याच ओघात तिला दुसरं एक आठवलं, आणि ते आठवलं नसतं तर बरं झालं असतं, असं क्षणभर वाटलं. बाबा स्टुलावरून पडले, पाय मोडला, हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा मोती आला होता. दोन तास बाहेरच्या बाकावर बसून राहिला होता. ही तिची सगळ्यात लाडकी गोष्ट. मैत्रिणींना सांगितलेली, धाकटीला सांगितलेली, स्वतःला तर शंभरदा. दोन तास! न बोलता! पण त्या गोष्टीला एक शेपूट होतं. ती बाहेर आल्यावर मोती उठला होता, बाबा कसे आहेत म्हणाला होता, आणि मग म्हणाला होता, "तुझ्या बॅगेत माझं जर्नल आहे ना? उद्या सबमिशन आहे." तिनं काढून दिलं होतं आणि तो गेला होता. एवढं साधं. हे तिनं कुणालाच कधी सांगितलं नाही. लपवलं असंही नाही, तिनं ते वाक्य आतल्या आत खोडलं, इतक्या सफाईनं की खोडल्याची खूणसुद्धा राहिली नाही. उत्तर आधीच ठरलेलं होतं ना, हा माझ्यासाठी बसला. मग त्यात न बसणारं एक रीडिंग बाजूला काढून टाकलं. मोतीपेक्षा तिची तरी वही काय वेगळी होती?

आणि गंमत म्हणजे हे कळल्यावर तिला रडू येईल असं वाटलं होतं, तर उलट मोकळं वाटलं. कुणीतरी मागून घट्ट बांधलेली वेणी सोडावी आणि डोक्याला वारा लागावा, तसं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "हॉस्पिटलमध्ये आला होतास. जर्नलसाठी आला होतास का माझ्यासाठी?"

मोतीनं तोंड उघडलं. त्याचं उत्तर तयार होतं, तिला दिसलं, ओठांवर येऊन उभं होतं. मग त्यानं तोंड मिटलं. "खरं सांगू?" तो म्हणाला. "दोन्ही. जर्नलसाठी निघालो होतो. तिथं बसल्यावर मग... उठावंसं वाटेना."

"हं," ती म्हणाली.

"फॉर्म?"

"किती वाजले?"

"अडीच."

"चारच्या आत देते मी. हा फॉर्म नको, तो राहू दे तुझ्याकडे."

ती आत गेली. तो मागे यायला लागला तर म्हणाली, "नाही, तू थांब," आणि दार लावून घेतलं. वाटेत मामांकडून एक कोरा फॉर्म मागून घेतला होता, तो पाठीमागच्या टेबलावर ठेवला. मामा म्हणाले होते, "काय गं, भांडलात की काय? जोडी नंबर सात मोडली तर माझ्या लॅबची अब्रू जाईल." ती म्हणाली, "मामा, तुमचा प्रकाश आजारी आहे का ते बघायला चाललेय." मामा काही न कळून हसले.

एकटीनं प्रयोग करणं फार अवघड असतं, कधी करून बघा. डोळा भिंगाला, आकडा दिसला, आता तो डोक्यात धरून वळायचं, अंधारात टेबल चाचपडायचं, पेन शोधायचं, लिहायचं, आणि तेवढ्यात आकडा निसटतो. पहिली दोन रीडिंगं तिची अशीच गेली. तिच्या लक्षात आलं की आकडे तिच्यात कधी राहिलेच नव्हते, डोळ्यातून तोंडात, तोंडातून त्याच्या वहीत, असा त्यांचा रस्ता होता, मध्ये कुठं थांबा नव्हता. घरी त्याच्या वहीवरून जर्नल उतरवताना म्हणूनच तिला कधी शंका आली नाही. तिसऱ्या वेळी तिनं टॉर्च दातात धरली, वही मांडीवर घेतली, आणि पुटपुटत पुटपुटत लिहिलं. एकशे अठरा अंश, तीन मिनिटं. पंच्याहत्तर अंश, चाळीस मिनिटं. अक्षर वेडंवाकडं. मागे कुणी नव्हतं, मानेवर कुणाचा श्वास नव्हता, आणि ती जागा गार लागत होती. ती तिला जाणवत होती, खोटं कशाला बोला, चांगलीच जाणवत होती. मोती तिथं असावा असं अंगाला वाटत होतं. अंगाला कुठं कळतंय मिनिटं साठ असतात की सत्तर. पण डोळा छान चालला होता. रेघा आज लबाडी करत नव्हत्या, किंवा करत असतील तर तिला घाई नव्हती. सहा रीडिंगं घेतली. सहाही एकमेकींच्या जवळ. गणित केलं. सहाशे बारा.

पहिल्या वर्षीही सहाशे बारा, आजही सहाशे बारा. म्हणजे डोळा चुकत होता असं धरलं तर दोन वर्षं तो एकाच जागी, एकाच मापानं चुकत होता. असला शिस्तीचा चुकणारा डोळा कुठं असतो? चुकतंय ते दुसरंच काहीतरी. काचेवर ज्या बारीक रेघा कोरलेल्या असतात, ते ग्रेटिंग असेल, टेबल तिरकं असेल, काहीही असेल. आणि हे तिला इतक्या वेळा, दर आठवड्याला, कळायची संधी होती! तिला एकदम दोन वर्षांची कीव आली आणि पाठोपाठ इतकी उत्सुकता वाटली की ती दिवा बंद करायला विसरली, मामा मागून ओरडले.

मॅडम केबिनमध्ये पेपर तपासत होत्या. या मॅडमना सगळे घाबरायचे, कारण त्या प्रश्न विचारून थांबायच्या, खरोखर उत्तराची वाट बघत. पावणेचार वाजले होते.

"एकटी?" मॅडम म्हणाल्या. "तुझा तो मोती कुठाय?"

"तो वेगळा करणार, मॅडम."

"भांडण?"

"नाही हो. मजेत आहे तो."

मॅडमनी वही ओढून घेतली. त्यातलं अक्षर बघून एक भुवई वर गेली, मग उत्तर बघून दुसरी. "सहाशे बारा. सोडियमचं. आणि हे घेऊन तू माझ्याकडे आलीस?"

"हो."

"दोन वर्षं पाचशे एकोणनव्वद आणणारी मुलगी तूच ना?"

इथं एक वाक्य पुरलं असतं, 'ते सगळं मोती लिहायचा.' खरंही होतं ते. "मीच," ती म्हणाली. "तेव्हा बघितलं नव्हतं, मॅडम. म्हणजे बघितलं होतं, पण काय लिहिलं जातंय ते बघितलं नव्हतं."

मॅडमनी वहीची पानं पुन्हा पहिल्यापासून उलटली. रागावल्या होत्या की नाही ते कळायला मार्ग नव्हता. "त्या दोन वर्षांचे मार्क आहेत तुझ्या नावावर," त्या शेवटी म्हणाल्या. "त्यांचं काय करायचं ते मला ठरवावं लागेल. तुमच्या दोघांचंही. सोमवारी दोघं या."

"हो, मॅडम."

"आणि हे सहाशे बारा का आलं?"

"माहीत नाही."

"शोधायला किती दिवस लागतील?"

"तेही माहीत नाही. वर्ष लागेल कदाचित."

"मग तोच विषय लिही," मॅडम म्हणाल्या आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. "आणि त्या खालच्या रकान्यात आत्ताच काही खरडू नकोस. शोधायच्या आधी निष्कर्ष लिहिणाऱ्यांचे फॉर्म मी वाचतच नाही, पण पोरांना वाटतं वाचते."

ती बाहेर आली. सोमवारी काय होईल, मार्क जातील, बाबांना सांगावं लागेल, मामा काय म्हणतील, हे सगळं तिला समोर दिसत होतं. बाबा काय म्हणतील ते तर शब्दन् शब्द ऐकू आलं, बरं झालं आत्ताच कळलं. आणि तरीही तिला बरं वाटत होतं, अगदी बेशरमपणे बरं वाटत होतं. आणि भूक लागली होती. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं हे आत्ता लक्षात आलं. कँटीनमध्ये जाऊन तिनं दोन प्लेट टोस्ट घेतले, लोणी जास्त लावायला सांगितलं, खिडकीजवळचं टेबल पकडलं आणि खायला लागली. पहिला टोस्ट तर तिनं उभ्या उभ्याच संपवला.

मोती आला तेव्हा दुसरी प्लेट अर्धी झाली होती. त्याच्या हातात तो फॉर्म होता, घामानं कडेला मऊ पडलेला.

"दिलास?" त्यानं विचारलं.

"दिला. एकटीचा."

तो उभाच राहिला. "आणि सोमवारी मॅडमनी दोघांना बोलावलंय," तिनं सांगून टाकलं. "मी सगळं सांगितलं. म्हणजे माझं सांगितलं. तुझं तू सांग."

त्याचा चेहरा पडला. ती बघत राहिली, कारण आता त्याला चिडायचा हक्क होता आणि चिडला तर ती ऐकून घेणार होती. पण तो चिडला नाही. तो फार घाबरला, लहान मूल घाबरतं तसा, आणि खुर्ची ओढून धपकन बसला. "माझे मार्क जाणार," तो म्हणाला.

"माझेही."

"मग मी प्रोजेक्ट कोणाबरोबर करू आता?"

"मामांना विचार. ते मोकळे असतात."

तो हसला. हसायचं नव्हतं त्याला, पण फसकन निघून गेलं. तिनं त्याच्याकडे नीट बघितलं, चष्मा लावून, दिवसाच्या उजेडात. शर्ट हिरवा होता. हनुवटीखाली दाढी करताना कापलेलं होतं. घाबरट होता, देखणं लिहिणारा होता, आवाज ऐकायला बसून राहणारा होता, आणि यांतलं काय कशात मिळवून किती होतं ते तिला आज तरी सांगता आलं नसतं.

"आणि बाकीचं?" मोती म्हणाला. आवाज अगदी बारीक. "म्हणजे ते एम.एस्सी., आणि घरी सांगायचं, आणि ते... आपलं?"

"तूच सांग," ती म्हणाली. "काय वाटतं तुला?"

मोतीनं तोंड उघडलं. टेबलाकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, हातातल्या फॉर्मकडे बघितलं. काहीच येईना. एक वाक्य सुरू केलं, सोडलं, दुसरं सुरू केलं, तेही सोडलं. ती खात होती आणि वाट बघत होती, आणि त्याला इतकं अडखळताना तिनं कधीच पाहिलं नव्हतं, आणि ते तिला भारी आवडलं. तिनं प्लेट त्याच्याकडे सरकवली.

"खा आधी," ती म्हणाली. "मला काही घाई नाही."